रात्रीचा चेहरा : बाबांच्या मास्कच्या नोंदी

२८ जानेवारी २०२४

नवीन वही काढली. बुटीबोरीच्या कारखान्यात माझं काम इन्स्ट्रुमेंटेशनच्या देखभालीचं. तिथं एखादं गेज एकदा चुकलं तरी तारीख-वेळ टाकून लिहावं लागतं. घरात एक माणूस कित्येक वर्षं रोज रात्री घोरतो, मध्येच गप्प होतो आणि गुदमरल्यासारखा उठतो, त्याची नोंद कुठंच नाही.

मागच्या रविवारी हिंगणघाटहून परत येत होतो. गाडी बाबांकडे. बोरखेडीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो आणि बाबांची मान खाली गेली. पुढची गाडी निघून गेली, मागच्यानं तीनदा हॉर्न वाजवला. मी खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी दचकून ब्रेक दाबला. एसटीत बत्तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आज एपवर्थची प्रश्नावली भरून घेतली. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता ० ते ३. बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसाची झोप जास्त समजतात. आठवा प्रसंग नेमका गाडी रहदारीत काही मिनिटं थांबलेली असतानाचा. बाबांनी स्वतःला एकूण ६ दिले. आईनं दुसऱ्या कागदावर त्यांना १७ दिले. फाइलला आईचा कागद लावला.

११ फेब्रुवारी

स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल आला. तासाला ४१ अडथळे. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला, किंवा उथळ होऊन रक्तातला ऑक्सिजन उतरला, की एक अडथळा धरतात. तासाला ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. सगळ्यात लांब थांबा ५२ सेकंदांचा. ऑक्सिजन सगळ्यात खाली ७४ टक्क्यांवर. गळ्याचा घेर ४३ सेंटिमीटर, तोही अहवालात लिहिलाय.

बाबा चिडले. "श्वास घ्याचा इसरतो म्हणजे काय? येवढा म्हातारा झालो का मी?"

विसरत कोणीच नाही, छाती जोर लावतच असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि वाट आतून मिटते. जुना मऊ पाइप पंपाला लावला की ओढीनं आतल्या आत चिकटतो, तसं. यावर मास्कमधून हवा देणारं यंत्र असतं, ते बाहेरून थोडा दाब देऊन त्या वाटेला हवेचा टेकू लावतं. एवढंच सीपॅप. डॉक्टरांनी ऑटो यंत्र लिहून दिलं : दाब ६ ते १४ सेंटिमीटर पाणी (तेवढ्या उंच पाण्याच्या तळाशी असतो तेवढा), रात्रभर गरजेप्रमाणे तेच कमी-जास्त करणार. वजनाचंही सांगितलं, त्यावर बाबांनी छताकडे पाहिलं.

दाबाचा आकडा ऐकून मात्र त्यांना हसू आलं. एसटीच्या एअर ब्रेकला सात-आठ किलो प्रेशर लागायचं. तेच पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजलं तर सात-आठ हजार. "आन् हे दहा? इतक्यात तर गाडीची चिमणी नाही वाजत वं."

१७ फेब्रुवारी

यंत्रासाठी रामदासपेठ, धंतोली आणि मेडिकल चौक अशी तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडे आधी स्क्रीन दाखवतात, मग मोबाइलवरचं ॲप, मग हप्ते. मी विचारलं ते वेगळं : रात्रीची सविस्तर माहिती कार्डावर साठते की नुसती बेरीज दिसते? नळी तापवता येते का? श्वास सोडताना दाब थोडा उतरतो का? बिघडलं तर दुरुस्तीला नागपुरातच राहणार की मुंबईला जाणार आणि तोवर बदली यंत्र मिळणार का? शेवटच्या प्रश्नाला तीनपैकी एकाच दुकानात सरळ उत्तर मिळालं. तिथूनच महिन्याच्या भाड्यानं घेतलं. विकत घ्यायची घाई नाही.

मावसभाऊ त्याच्या सासऱ्यांचं जुनं यंत्र फुकट देत होता. पाहून आले. एकाच स्थिर दाबाचं, नऊ हजार तास चाललेलं, हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीत क्षाराचा पांढरा थर. नको म्हटलं. जुनं यंत्र घ्यायचंच असेल तर आधी मॉडेल आणि अनुक्रमांक कंपनीकडे तपासावा. जून २०२१ मध्ये फिलिप्सनं आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येऊ शकतात म्हणून जगभरातली लाखो यंत्रं परत बोलावली होती. तसलं यंत्र कोणाच्या माळ्यावरून उतरून आपल्या घरी आलं तर कळणार कसं?

यंत्र निवडायला अर्धा दिवस गेला. मास्कला दहा मिनिटं.

"तोंड उघडं राहतं ना काकांचं? मग फुल फेस." म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणारा. दुकानातल्या मुलानं प्लास्टिकची पट्टी चेहऱ्याला लावली, 'मीडियम' म्हणाला, बाबांना खुर्चीत बसवून पट्टे आवळले, यंत्र सुरू केलं. कुठं हवा जात नव्हती. पावती झाली.

१८ फेब्रुवारी

पहिली रात्र. वापर २ तास १० मिनिटं. त्यातही निम्मा वेळ बाबा उठून बसलेले. "कुत्र्यानं चालत्या गाडीच्या खिडकीतून तोंड काढावं तसं वाटून राहिलं."

दाब हळूहळू चढण्याची सोय आहे, ती वीस मिनिटांवर लावली. सवय व्हावी म्हणून संध्याकाळी बातम्या पाहताना अर्धा तास मास्क लावून बसायचं ठरलं. हा उपाय डॉक्टरांचा. पुढे तो वेगळ्याच कामाला आला.

२३ फेब्रुवारी

आज मी घाबरले. सकाळी मास्क धुवायला घेतला तर समोरच्या कोपऱ्यावर काळी इन्सुलेशन टेप. बाबांनी रात्री सूंऽऽ असा आवाज ऐकला, बोट फिरवून हवा कुठून येते ते शोधलं आणि चिकटवून टाकलं. ड्रायव्हरचा हात, प्रेशर गळतं म्हटल्यावर स्वस्थ बसेल?

ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. सोडलेला श्वास, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड, त्यातूनच बाहेर जातो. बुजवली तर माणूस स्वतःचीच शिळी हवा परत ओढत राहतो. फुल फेस मास्कला आणखी एक झडप असते, यंत्र बंद पडलं की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. दोन्ही दाखवलं. टेप काढली. चादर डोक्यावरून घ्यायची नाही हेही सांगितलं, कारण तीही शेवटी टेपच.

नशीब, त्या रात्री मास्क दीड तासातच काढून फेकला होता.

३ मार्च

दोन आठवड्यांचं कार्ड वाचलं. ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते बऱ्याच यंत्रांची कार्डं उघडतं. श्वासन्‌श्वासाची रेघ दिसते. कारखान्यात इतका स्वच्छ ट्रेंड मला क्वचित मिळतो.

सरासरी वापर ३ तास २५ मिनिटं. रोज चार तासांच्या खाली वापर चांगला धरत नाहीत. उरलेले अडथळे तासाला ११. ४१ वरून ११, म्हणजे यंत्र काम करतंय. पण मास्कच्या कडेनं निसटणारी हवा, म्हणजे गळती, ४६. हा आकडा असा वाचायचा : वापराच्या ९५ टक्के वेळात गळती मिनिटाला ४६ लिटर किंवा त्याहून कमी होती. मुद्दाम ठेवलेल्या भोकांची हवा यात धरलेली नाही. आमच्या यंत्रात २४ च्या वर गेलं की सकाळी स्क्रीनवर लाल चेहरा दिसतो. बाबा त्याला रोज शिवी देतात.

नाकाच्या हाडावर लाल व्रण. डोळ्यांत वारा. बाबांनी पट्टे इतके आवळलेत की सकाळी गालावर बैलाच्या वेसणीसारख्या खुणा. आणि जितकं आवळलं तितकी गळती वाढलेली. तेही बरोबरच, सिलिकॉनच्या कडेला आत एक पातळ पापुद्रा असतो, तो हवेनं फुगून त्वचेला बसतो. आवळून चपटा केला तर फुगणार कुठून? पट्टे सैल केले. गळती ४६ वरून ४१. थोडंच.

झोपताना मिशीला आणि गालाला तिळाचं तेल लावायची सवय आहे, तेही दुपारवर ढकललं. तेलकट त्वचेवर सिलिकॉन घसरतं. ४१ वरून ३८. अजून लालच.

१० मार्च

दुकानातून आठवड्याच्या बोलीवर फक्त नाकावर बसणारा मास्क आणला. छोटा, डोळ्यांसमोर काही नाही, चष्मा लावता येतो. बाबा खूश.

पण याची खालची कड वरच्या ओठावर बसते आणि तिथं मिशी. आमच्या घरातली ती मिशी म्हणजे तिसरं माणूस आहे. गळती ५५. आई म्हणाली, "अहो, काढून टाका ना, पुन्हा येईल." बाबांनी उत्तरच दिलं नाही. काही गोष्टी प्रकल्पाच्या बाहेर ठेवायच्या असतात. मास्क परत.

संध्याकाळी वाचून दाखवलं की सुरुवात कशी झाली. १९८० मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी पहिलं यंत्र जुळवलं ते व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीवर, आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं. सुरुवातीच्या रुग्णांचे मास्क नाकाच्या मापानं बनवलेले असत आणि रोज रात्री सिलिकॉननं चिकटवावे लागत.

"रोज? चिकटवाचे? आन् सकाळी?"

"सकाळी उपटायचे."

गप्प झाले. त्या रात्री वापर ४ तास ५० मिनिटं, अजूनपर्यंतचा सगळ्यात जास्त.

३१ मार्च

सापडलं. सविस्तर लिहिते.

महिनाभर मी रात्रीच्याच रेघा पाहत होते. काल कंटाळून संध्याकाळचा सरावाचा अर्धा तास उघडला. बातम्यांच्या वेळी गळती ५ ते ८. तोच मास्क, तेच पट्टे, तोच माणूस. रात्री दहानंतर ३८. मला वाटलं संध्याकाळी दाब कमी असतो, शिवाय ते बसलेले असतात, म्हणून. तसा फरक पडतोही. पण इतका?

आज पहाटे साडेपाचला मी शिफ्टच्या बससाठी निघत होते. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. खिडकीत नेहमीची स्टीलची वाटी, वाटीत पाणी, पाण्यात बाबांची कवळी. आठ वर्षं ती वाटी रोज पाहतेय.

कवळी काढली की गाल आत जातात, ओठ आत वळतात, हनुवटी नाकाकडे सरकते. फुल फेस मास्कची खालची अर्धी कड ज्या हाडामांसावर टेकते तो भागच बदलतो. दुकानात माप घेतलं ते कवळी घातलेल्या, बसलेल्या, जाग्या माणसाचं. रात्री मास्क लावतो तो दुसराच चेहरा.

शिफ्टवरून आल्यावर चाचणी घेतली. दाब दहावर स्थिर ठेवला (ही परवानगी डॉक्टरांकडून फोनवर घेतली), प्रत्येक स्थितीत दहा मिनिटं, वेळा वहीत, नंतर कार्डावरून आकडे. कवळी घालून बसून : ४. कवळी घालून उताणे झोपून : ९. कवळी काढून उताणे : ३७. कवळी काढून कुशीवर : ५२.

बाबांना आकडे दाखवले. ते बराच वेळ वही धरून बसले. मग म्हणाले, "म्हणजे डेपोत खाली गाडी उभी करून ब्रेक पाह्यला, आन् पास दिला. लोड टाकून घाटात कुठं पाह्यला?"

मी पंधरा वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

७ एप्रिल

साधा उपाय कवळी घालूनच झोपणं. दंतवैद्यांनी नको म्हटलं. हिरड्यांना रात्री विश्रांती लागते, चोवीस तास कवळी ठेवली तर तोंडात बुरशीचा संसर्ग होतो, सूज येते. काहींना मास्कसाठी ती घालून झोपायला सांगतातही, पण बाबांच्या हिरड्या आधीच लाल आहेत. म्हणजे चेहरा तोच राहणार, मास्क बदलायचा.

दुकानात परत. बाबांना चारचौघांत दात काढायचे नव्हते. मालकाला म्हणाले, "पडदा आहे का?" पडदा नव्हता. मग मालकानंच शटर अर्धं खाली ओढलं आणि आतल्या बाकावर गादी टाकून दिली. इतकी माणुसकी केली म्हणून त्या मुलाचं दहा मिनिटांचं माप मी माफ केलं.

बाकावर झोपवून, कवळी खिशातल्या डबीत, यंत्र सुरू, दाब दहा. दीड तासात पाच मास्क. फुल फेस स्मॉल : मीडियमपेक्षा पुष्कळ बरा, कुशीवर मात्र ढळतो. नाकाखालून बसणारा फुल फेस, ज्यात नाकाच्या हाडावर काहीच येत नाही : व्रणाचा प्रश्न मिटतो, पण कड मिशीवर. आणि मग नेझल पिलो. नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन मऊ गाद्या, बाकी चेहऱ्याला काही शिवतच नाही. गाल नाहीत, ओठ नाहीत, हनुवटी नाही. मिशीच्या वरच्या बाजूनं निघून जातो. कवळी असो-नसो, नाकपुड्या त्याच.

लहान, मध्यम, मोठ्या गाद्या येतात. मध्यम बसल्या. मालक म्हणाला, काका तोंडानं श्वास घेतात, हा टिकणार नाही. बरोबर बोलला, पण पुढे बघू.

८ ते २१ एप्रिल

मालक जिंकतोय. नाकाशी गळती जवळजवळ शून्य, पण रात्री दोननंतर तोंड उघडतं आणि नाकातून गेलेली हवा तोंडातून निघून जाते. सकाळी जीभ लाकडासारखी. रेघ पाहिली की कळतं : मास्क ढळला तर गळती एकदम चढते आणि तशीच राहते, तोंड उघडझाप करतं तेव्हा करवतीचे दात दिसतात.

हनुवटीचा पट्टा आणला. दात नसलेला जबडा त्यानं वर येण्याऐवजी मागे सरकतो, घसा आणखी अरुंद. उरलेले अडथळे ९ वरून १४ झाले. दोन रात्रींत बंद. तोंडाला चिकटपट्टी लावायचं एका नातेवाइकानं सुचवलं. ती सूचना मी टेपच्या रिळासोबत कपाटात ठेवली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. नाकाचा पडदा थोडा तिरका, पण खरा अडथळा आतल्या सुजेचा. इतकी वर्षं बाबा 'मी तोंडानंच श्वास घेतो' असं एखाद्या सवयीसारखं सांगत होते. नाक बंद म्हणून तोंड उघडं, हा क्रम कोणी तपासलाच नव्हता. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि लिहून दिलेला फवारा सुरू.

५ मे

नाक मोकळं झालं तसं तोंड आपोआप मिटायला लागलं. रोज नाही, पण आठवड्यातून पाच रात्री. गळती ११. उरलेले अडथळे ३. वापर ६ तास २० मिनिटं. चेहरा हिरवा.

आई म्हणते, आता शांततेनं तिला जाग येते. हात लावून बघते, नळी थरथरतेय ना.

१२ मे

कूलर.

सीपॅपची माहिती वाचली की थंडीत नळीत पाणी साचतं असं असतं. लिहिणाऱ्यानं नागपूरचा उन्हाळा पाहिलेला नाही. आमच्याकडे खिडकीत वाळ्याचा कूलर, खोलीत गार आणि ओलसर हवा. यंत्राची टाकी त्याच हवेला आणखी तापवून आणखी ओली करते, मग ती गार नळीतून जाताना बाहेरून कूलरचा झोत. रात्री तीनला नळीत गुडगुड आणि बाबांच्या नाकात थेंब. "बुडून राहिलो वं मी!"

भाड्याच्या यंत्राला तापणारी नळी नव्हती, ती मागवली. दमटपणा ४ वरून १ वर. यंत्र उशाच्या टेबलावरून खाली स्टुलावर, म्हणजे साचलेलं पाणी नाकाकडे न येता टाकीत परत जातं. कूलरचं तोंड पायांकडे. आईनं जुन्या लुगड्याच्या काठाची नळीला खोळ शिवली. या पाचांपैकी नेमकं कशानं थांबलं माहीत नाही, सगळं एकाच दिवशी केलं. ही माझी चूक, एका वेळी एकच बदल करायचा असतो. पण तीन वाजता बुडणाऱ्या माणसाला पद्धत सांगता येत नाही.

पाणी डिस्टिल्डच. घरचं आरओ म्हणजे डिस्टिल्ड नाही, त्यात क्षार उरतात. पेट्रोलपंपावरचं बॅटरीचं पाणी बाबांनी सुचवलं, अर्थातच. औषधाच्या दुकानातून आणते. रोज सकाळी उरलेलं फेकून टाकी वाळवायची.

यंत्राचा फिल्टर वीस दिवसांत राखाडी. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख की वाळ्याचा भुगा, कोण जाणे. महिनाभराऐवजी पंधरा दिवसांनी बदलतेय. हा धुवायचा नसतो, टाकायचा असतो.

३ जून

गेल्या आठवड्यात शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर तेच. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आमच्या कारखान्यात दोन दिवस हाच विषय. गरम होतंच, पण शेजारची केंद्रं दहा-बारा अंशांनी खाली असताना एकट्याचं ऐकायचं नसतं. मीही महिनाभर लाल चेहऱ्याचं ऐकून पट्टेच घट्ट-सैल करत होते.

वादळात लाइट गेली, रात्री दोन ते पाच. घरचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा. यंत्राचा अडॉप्टर त्यावर भुणभुण करत होता, गरमही झाला. बंद केलं. नेझल पिलोला फुल फेससारखी झडप नसते, पण तोंड मोकळं असतं, गुदमरत नाही. फक्त घोरणं परत आलं. वॅटमापक लावून पाहिलं : टाकी आणि नळी तापत असताना ५० ते ६० वॅट, दोन्ही बंद केल्यावर १२ च्या आसपास. म्हणजे लाइट गेली की ताप बंद ठेवायचा, बॅटरी कितीतरी पट पुरते. इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा घेतला. यादीतला सगळ्यात कमी खुपलेला खर्च.

२३ जून

भाड्याचं यंत्र परत, त्याच मॉडेलचं नवीन विकत. नेझल पिलो कायम. जोडीला फुल फेस स्मॉल, सर्दीच्या रात्रींसाठी, कवळी काढून आणि झोपून माप घेतलेला. पहिला मीडियम फुल फेस वापरलेला म्हणून कोणी परत घेत नाही. तो खुंटीला टांगलाय.

मागच्या तीस रात्री : वापर सरासरी ६ तास ४५ मिनिटं, गळती ९, उरलेले अडथळे २.४. एपवर्थ पुन्हा भरला. आईनं ५ दिले. बाबांनी स्वतःला ६ दिले, जानेवारीइतकेच. स्वतःचं म्हणणं त्यांनी बदललेलं नाही.

डॉक्टरांनी अहवाल पाहून गाडी चालवायला हो म्हटलं. हिंगणघाटला बाबाच घेऊन गेले. मी बाजूला बसून बोरखेडी येईपर्यंत त्यांच्या मानेकडे बघत होते. टोल गेल्यावर म्हणाले, "पोट्टे, समोर पाह्य."

१४ जुलै

बाबांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर काका आले. त्यांनाही मास्क मिळालाय, आठवडाभर झाला, झोप नाही, हवा डोळ्यांत जाते. पिशवीतून काढला तर पट्ट्याच्या क्लिपा चुंबकाच्या. काकांना पेसमेकर आहे. असल्या चुंबकांनी पेसमेकर आणि तसल्या उपकरणांना अडथळा येऊ शकतो, म्हणून कंपन्यांनी इशारा दिलेला आहे. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावू नका, बिनचुंबकाचा पट्टा मिळतो, असं सांगून मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांचा नंबर लावून दिला.

बाबा मात्र वही घेऊन आले, चष्मा लावला, काकांना दिवाणावर आडवं व्हायला सांगितलं.

"पयले दात काढ."

काका उठून बसले. "माहे दात खरे आहेत बे."

बाबांनी वही उघडून ठेवली, पेन कानावर लावलं आणि जरा वेळ काकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग विचारलं, "बरं. नाक कसं आहे?"